फुगलेली लिपो बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडवू का?

प्रश्न: दादा, माझ्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची ३एस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, फुगून टम्म झालीय. मित्र म्हणतो बादलीभर समुद्राचं पाणी आण, दोन दिवस बुडवून ठेव नि मग दे कचऱ्यात टाकून. चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: नको रे बाबा! खारं पाणी आधी टॅबच (सेलमधून बाहेर येणारी धातूची पट्टी) खातं, तो गंजून तुटला की व्होल्टमीटरवर शून्य दिसतं पण आत चार्ज तसाच, म्हणजे उलटी फसगत. त्यापेक्षा गाडीचा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब घे (फुल ३एस १२.६ व्होल्ट, म्हणजे चालून जातो), मेन वायरला जोड, पॅक खळ्यात चिऱ्यावर ठेव आणि लक्ष ठेवून बस. बल्ब लालसर होत विझतो, तरी लगेच काढू नको, मीटर शून्याजवळ येऊ दे. गरम झाली किंवा गोडसर वास आला तर हा खटाटोपच नको, सरळ बाहेर कोरड्या वाळूच्या बादलीत, आणि वाळू बांधकामाची हां, किनाऱ्यावरची ओली खारी नको.

मग कनेक्टर, बॅलन्स लीडसकट (प्रत्येक सेलच्या बारीक वायरींचा छोटा कनेक्टर), टेपने गुंडाळ नि ई-कचरावाल्याकडे दे. २०२२ च्या बॅटरी नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, तेव्हा दुकानदाराला आधी विचार. घंटागाडीत मात्र अजिबात नाही, दाबली गेली की पेटते.