एसक्यूलाइटमध्ये मिलिसेकंदापर्यंतची वेळ ठेवताना

रावेरच्या आपल्या भुईकाट्यावरून सेकंदाला दहा वजने येतात, परंतु एकाच सेकंदातील नोंदींची वेळ सारखीच पडते आणि पहाटे ४ वाजता काट्यावर चढलेली केळीची गाडी आदल्या रात्री १०:३० ची दिसते, असे आपण लिहिले आहे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तारीख-वेळ असा साठवणुकीचा वेगळा प्रकारच नाही. रकान्याला 'डेटटाइम' म्हटले तरी आत मजकूर, पूर्णांक किंवा दशांश संख्याच जाते. आपण वापरलेले 'करंट टाइमस्टॅम्प' (चालू वेळ भरणारा शब्द) यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देते, तीही पूर्ण सेकंदांतच, त्यामुळे अपूर्णांक गळाला आणि साडेपाच तासांचा फरक पडला.

माझ्या मते १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद पूर्णांकात ठेवावेत आणि भारतीय वेळ फक्त पावती छापताना काढावी. हा आकडा ६ बाइटांत मावतो, तर मिलिसेकंदासह लिहिलेल्या मजकुराला २३ लागतात. मजकूरच हवा असेल तर वर्ष-महिना-दिवस हा क्रम आणि एकच साचा शेवटपर्यंत पाळावा, कारण आपल्याकडच्या सवयीने लिहिलेले ०५-१२-२०२३ हे ३१-०१-२०२३ च्या आधी लागते. ज्युलियन दिवसाची (फार प्राचीन अशा एका ठरावीक क्षणापासून मोजलेल्या दिवसांची) दशांश संख्या मिलिसेकंदाला पुरते, पण दोन नोंदींच्या वेळा तंतोतंत जुळवताना ती त्रास देते.

एका दिवसाच्या गाड्या शोधताना रकान्यावर वेळेतून तारीख काढणारे 'डेट' फंक्शन लावू नये, कारण मग त्या रकान्याचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कामी येत नाही. भारतीय मध्यरात्रीच्या दोन्ही सीमा आधी मिलिसेकंदांत काढाव्यात आणि पहिलीपासून पुढच्या, परंतु दुसरीच्या आधीच्या नोंदी मागाव्यात.

क्रमासाठी मात्र केवळ घड्याळावर विसंबू नये. जळगावकडच्या एका जिनिंगमध्ये वीज गेल्यावर संगणकातला सेल संपल्याने घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले, आणि रात्रभरच्या कापसाच्या गाड्या यादीत सर्वांत जुन्या होऊन बसल्या. ती यादी सरळ करायला मला दोन दिवस लागले. म्हणून स्वयंवाढता अनुक्रमांक अवश्य ठेवावा.

आपल्या जुन्या नोंदी यूटीसीतच आहेत, तेव्हा रूपांतर करताना साडेपाच तास मिळवू नयेत. १९७० पासूनचे सेकंद काढून १००० ने गुणावे. गळालेले मिलिसेकंद परत येणार नाहीत, पण मधल्या काळात नोंदी पुसल्या नसतील तर रो-आयडीवरून (एसक्यूलाइट प्रत्येक नोंदीला आपोआप देते त्या क्रमांकावरून) त्यांचा क्रम लागेल.