‘यात श्वास कुठे घ्यायचा?’

परवा एका ताईंनी विचारलं, मुलगा गाण्यांना चाली लावतो, चार लोकांना ऐकवतो, आणि कुणी काही बोललं की आठ-आठ दिवस तोंड पाडून बसतो, तर त्याला ऐकवणंच बंद कर म्हणू का? हा प्रश्न माझ्याकडे कायम येतो, कधी कवितेचा असतो कधी रांगोळीचा. सरळ उत्तर देण्यापेक्षा मागच्या उन्हाळ्यातली एक केस सांगते, ज्यांची आहे त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, विम्याच्या ऑफिसात, राहायला नागपुरात मनीषनगरकडे. बायकोच घेऊन आली. झोप नाही, घरात कुणाशी धड बोलणं नाही आणि आता कीबोर्ड विकायची जाहिरात टाकलीय. मला आधी वाटलं पैशाची अडचण असेल, पण तसं काही नव्हतं. बायको म्हणाली, "पैशाचं काही नाही हो मॅडम, यांच्या गाण्याला लोक हसले." हे खाली बघत बसलेले. मग एकदम म्हणाले, "मी आता ते सगळं सोडून देऊन राहिलो, विषय संपला."

तर झालं असं होतं की प्रतापनगरात एकाच्या घरी आठ-दहा हौशी लोक महिन्यातून एका रविवारी जमतात, कुणी बँकेतला कुणी कॉलेजातला कुणी रिटायर्ड, प्रत्येकजण स्वतःची नवी चाल ऐकवतो आणि बाकीचे त्यावर बोलतात, वर तर्री पोहे. मे महिन्यात यांनी तीन महिने घासलेलं गाणं वाजवलं. संपल्यावर शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या एक काकू म्हणाल्या, "यात श्वास कुठे घ्यायचा हो?" आणि सगळा हॉल हसला. बास. तेव्हापासून हे तिकडे फिरकले नाहीत.

पहिल्या दोन सेशनमध्ये मला फारसं काही जमलं नाही, खरं सांगते. मी समजावायला गेले की वाद घालायचे. वाचन भरपूर, मला म्हणाले रशियन संगीतकार चायकोव्हस्कीनं १८७४ मध्ये आपला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना, नावाजलेला पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइनला ऐकवला, त्यानं धू-धू धुतला, तर हा म्हणाला एक सूर बदलणार नाही, आणि पुढच्याच वर्षी तो बोस्टनमध्ये वाजला. "मग मी काहून ऐकून घेऊ?" मी गप्प. मला गाण्यातलं काय कळतं, पण घरी जाऊन पुढचं वाचलं. पुढे त्याच चायकोव्हस्कीनं त्यात बरेच बदल केले, सुरुवातीचे पियानोचे ते दणदणीत कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, आज आपण ऐकतो तसे आधी नव्हतेच, ते नंतरच्या आवृत्तीतले, आणि रुबिनस्टाइननंही नंतर तो स्वतः स्टेजवर वाजवला. तिसऱ्या सेशनला मी हे सांगितलं तर पहिल्यांदा माणूस माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "कॉर्ड बदलले? कोणते?" म्हटलं ते तुम्हीच शोधा.

मग मी विचारलं, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आहे का? होतं! दर बैठकीचं फोनवर करायचे, पण हे ऐकायची हिंमत झाली नव्हती. माझ्या खोलीत आम्ही तिघांनी ऐकलं. निम्मं रेकॉर्डिंग म्हणजे कूलरची घरघर, मे महिन्यातलं नागपूर, कूलर बंद करा म्हणायची कुणाची हिंमत. गाणं संपलं, काकूंचा तो प्रश्न, हशा. आणि त्या हशाच्या पोटात काकूंचाच आवाज, "नाही हो, मला दमा आहे म्हणून विचारते, चाल फार गोड आहे, मला म्हणायचीय ही." त्यानंतर कुणीतरी पुरुष, "अंतरा पुन्हा लावा ना."

यांनी हे ऐकलंच नव्हतं. प्लगपॉइंट कूलरजवळ होता म्हणून कीबोर्ड घेऊन हे कूलरला खेटून बसले होते, फोन मात्र मधल्या टेबलावर, काकूंसमोर. यांच्यापर्यंत पोचला तो फक्त हशा.

आता वाटेल की झालं, गैरसमज मिटला. पण त्याच रेकॉर्डिंगमध्ये पुढे एकजण म्हणाला, "कीबोर्डमध्ये आधीच भरलेला डेमो तर नाही ना वाजवला?" हा टोमणाच होता, खवचट, आणि मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. सगळे लोक मनानं चांगले असतात असलं काहीतरी मी सांगितलं असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नसता. त्या माणसाचं मनावर घेऊ नका, त्याच्याजवळ बसू नका, एवढंच. काकूंचा प्रश्न मात्र प्रश्न होता, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

म्हटलं, अंतरा म्हणून दाखवा. "मी गात नाही जी मॅडम." म्हटलं मीही नाही गात, म्हणा. ताल केरवा, आठ मात्रांचं एक आवर्तन, अंतऱ्याची एक ओळ चार आवर्तनांची, म्हणजे ३२ मात्रा, लय मिनिटाला ऐंशीच्या आसपास. हिशोब केला तर एका दमात २४ सेकंद. तिसऱ्या आवर्तनातच चेहरा लाल, आवाज चिरकला, आणि बायको म्हणाली, "बाप्पा! हे तर मलाही नसतं जमलं." मग तेच हसले. चाल कीबोर्डवर लावलेली ना, बोटांना कुठे श्वास लागतो.

एक गोष्ट मी शेवटी विचारली, ती आधीच विचारायला हवी होती. वर्षभरात तुम्ही दुसऱ्यांच्या किती चालींवर बोललात? बराच वेळ गप्प. "छान म्हणतो ना सगळ्यांना." हेच छान त्यांना स्वतःला मिळालं की राग यायचा, कुणी नीट ऐकत नाही म्हणून. होमवर्क दिला, पुढच्या बैठकीत स्वतःचं काही वाजवायचं नाही, फक्त एकाची चाल दोनदा ऐकायची आणि नेमक्या जागेबद्दल बोलायचं, कितव्या ओळीत, काय होतंय. आणि कूलरपासून लांब बसायचं, हे गमतीत नाही, खरंच सांगितलं.

आल्यावर म्हणाले, लई अवघड काम आहे मॅडम, पंधरा मिनिटं शब्दच सापडत नव्हते, अन् समोरचा माणूस असा बघून राहिला होता जसा मी निकाल वाचणार आहे.

त्या ताईंना म्हणून सांगते, मुलाला बंद कर म्हणू नका. कोण नक्की काय बोललं, शब्द न् शब्द, ते आधी विचारा. लोक हसले यावर थांबू नका. आणि झोप-जेवण पंधरा-वीस दिवस बिघडलेलंच राहिलं, मुलगा एकटा एकटा राहायला लागला तर वाट न बघता कुणाला तरी दाखवा, तेव्हा प्रश्न गाण्याचा राहिलेला नसतो.

दिवाळीनंतर ते गृहस्थ धरमपेठेत भेटले, हातात भाजीची पिशवी. मी काही विचारायच्या आधीच सुरू, श्वासासाठी दोन मात्रा मोकळ्या सोडल्या तर आता काकू म्हणतात मुखड्यावर येताना घाई होते, असं कसं चालेल, वगैरे वगैरे, चांगली दहा मिनिटं तक्रार. कीबोर्डची ती जाहिरात काढली की नाही हे विचारायचं राहूनच गेलं.