मांडवातला भुंगा आणि त्याच्या पिढ्या

प्रश्न : खळ्यातल्या मांडवाच्या बांबूंना भुंग्यांनी गोल भोकं पाडली आहेत. हीच का बंबलबी? वर्षात तिच्या किती पिढ्या होतात? पावसाआधी मांडव उतरवला की हे बांबू चुलीत घातले तर चालतील का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : ही बंबलबी नाही. आपल्या देशात ती हिमालयात आढळते. तिच्या पोटावर दाट लव असते. तुमच्याकडच्याचं पोट काळं, तुळतुळीत. हा सुतार भुंगा.

थंड मुलखात बंबलबीची फक्त नवी, मीलन झालेली राणी मातीत निजून हिवाळा काढते आणि वसंतात एकटीच घर मांडते. मग कामकरी माश्यांची एकामागून एक वेत बाहेर पडते. पुष्कळजण त्यांनाच पिढ्या समजतात, पण त्या सगळ्या एकाच राणीच्या लेकी, म्हणजे पिढी एकच. शेवटी नर आणि नव्या राण्या जन्मतात, जुनं घर मोडतं. काही जातींत लवकर जन्मलेल्या राण्या न निजता त्याच वर्षी घर मांडतात; ती खरी दुसरी पिढी.

कोकणात निजायला लावणारी थंडीच नाही, त्यामुळे भुंग्याच्या वर्षाला एकाहून अधिक पिढ्या होतात. बांबू उभा चिरला तर आत दिसतं : पराग-मधाचा घट्ट गोळा, त्यावर तांदळाच्या दाण्याहून मोठं, किंचित बाकदार एकच अंडं, मग थुंकीत कालवलेल्या भुशाचा पडदा, पुन्हा गोळा, अंडं, पडदा. अंड्याचा भुंगा व्हायला साधारण दीड महिना लागतो. नवे भुंगे लगेच उडून जात नाहीत, काही दिवस आईपाशीच असतात. पुढे लेक बहुधा तेच भोक वापरते, म्हणून भोकं मोजून पिढ्या कळत नाहीत.

तेव्हा बांबू जाळू नका, आत पिल्लं असतात. भोक असलेलं पेर दोन्ही गाठी राखून कापा आणि पडवीत वाशाला आडवं टांगा, भोक बाजूला येईल असं. पागोळ्यांचं पाणी आत गेलं तर गोळ्यांना बुरशी धरते. भोक बुजवूही नका. आतली मादी शेजारी दुसरं पाडते आणि बांबू आणखी कमजोर होतो. घराचे वासे वाचवायचे असतील तर ऑइलपेंट मारा, रंगवलेल्या लाकडाकडे ती सहसा वळत नाही.

परसात वांगी असतील तर हा भुंगा हवाच. वांग्याच्या फुलातले पराग पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून निघतात. भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते भुरभुर पडतात. सातेरी मधमाशीला हे जमत नाही.