गुणवत्ता व विश्वासार्हता अभियांत्रिकीत पीएचडी करायची आहे

प्रश्न : यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी काही वर्षे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करत आहे. सिक्स सिग्मा या उत्पादनातील दोष कमी करण्याच्या पद्धतीचे ‘ब्लॅक बेल्ट’ प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. या विषयात पीएचडी करण्याची इच्छा आहे, परंतु या नावाचा विभाग फार थोड्या विद्यापीठांत आढळतो. अर्ज कोठे करावा, अनुभवाला किती महत्त्व मिळते आणि संशोधनाचा आराखडा कसा लिहावा?

उत्तर : आपली पहिली अडचण खरी आहे. मेरिलँड विद्यापीठात विश्वासार्हता अभियांत्रिकीची स्वतंत्र पीएचडी आहे आणि खरगपूरच्या आयआयटीत गुणवत्ता व विश्वासार्हतेसाठी वेगळे स्कूल आहे; पण बहुतेक ठिकाणी हे संशोधन औद्योगिक, यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या आणि संख्याशास्त्राच्या विभागांत विखुरलेले असते. त्यामुळे विभागाच्या नावावरून शोध घेण्याऐवजी माणसांवरून घ्यावा. ‘टेक्नोमेट्रिक्स’, ‘जर्नल ऑफ क्वालिटी टेक्नॉलॉजी’, ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन रिलायबिलिटी’ आणि ‘रिलायबिलिटी इंजिनिअरिंग अँड सिस्टिम सेफ्टी’ या नियतकालिकांचे अलीकडचे अंक चाळा, जे लेख शेवटपर्यंत वाचावेसे वाटतील त्यांच्या लेखकांची यादी करा आणि ते कोणत्या विभागात शिकवतात ते पाहा. आपण अर्ज करण्याजोगे विभाग त्या यादीतूनच पुढे येतील.

हे करताना आपला कल कोणत्या बाजूला आहे, हेही ठरवावे लागेल. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख (प्रक्रियेतील चढउतार नेहमीचे आहेत की असाधारण, हे दाखवणारा आलेख) मांडला, तेव्हापासून गुणवत्तेच्या बाजूचा मुख्य प्रश्न प्रक्रियेतील चढउतारांचा राहिला आहे. विश्वासार्हतेच्या बाजूला काळ हा घटक येतो : वस्तू कारखान्यातून चांगली बाहेर पडली, पण ती किती काळ चांगली राहील? वालोडी वायबुल यांच्या १९५१ च्या लेखाने ज्या संभाव्यता वितरणाला (वस्तू किती काळ टिकेल याच्या शक्यतांच्या गणिती वर्णनाला) सर्वत्र ओळख मिळवून दिली, ते आजही या बाजूचे रोजचे साधन आहे. विश्वासार्हतेतही आयुर्मानाच्या आकडेवारीवर काम करणारे आणि बिघाडामागचे भौतिक कारण शोधणारे असे दोन वर्ग दिसतात, आणि या दोघांकडे पाठवायचा आराखडा एकच असू शकत नाही.

आता अनुभवाविषयी. ब्लॅक बेल्टमुळे आपण ठरलेल्या पद्धती नीट वापरू शकता एवढे सिद्ध होते, तर निवड समितीला पद्धत जिथे अपुरी पडते ती जागा आपल्याला दिसते का, हे पाहायचे असते. एकही बिघाड न होता २२ नमुने चाचणीत टिकले, तर ९० टक्के विश्वासार्हता ९० टक्के विश्वासपातळीने दाखवली असे मानण्याचा प्रघात आपल्या परिचयाचा असेल. विश्वासार्हता ९० टक्केच असती तर सर्व २२ नमुने टिकण्याची शक्यता, म्हणजे ०.९ या संख्येचा २२ वा घात, ०.१ पेक्षा किंचित कमी भरते, म्हणून हा आकडा येतो. विश्वासार्हता ९९ टक्के हवी असेल, तर याच हिशोबाने २३० नमुने लागतात. एवढे नमुने फोडणे परवडत नसेल तर आधीच्या मॉडेलची माहिती किती प्रमाणात वापरावी आणि ती वापरताना फसगत कशी टाळावी, इथपर्यंत आपण पोहोचलात की आपल्या अनुभवाचे संशोधनात रूपांतर होऊ लागते.

आराखड्याचा विषय आपल्या कामातच आहे असे मला मनापासून वाटते. वॉरंटीत बिघडलेला पंप परत येतो; न बिघडलेला पंप ग्राहकाकडे किती तास चालला, याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. काही पंपांचे सील झिजते, काहींचे बेअरिंग थकते, आणि जे आधी घडते ते दुसऱ्याची शक्यता झाकून टाकते. अशा अपूर्ण नोंदींवरून वॉरंटीनंतरच्या आयुष्याचा अंदाज किती खात्रीने बांधता येईल, हा पीएचडीच्या तोडीचा प्रश्न आहे. चाचणी लवकर संपावी म्हणून तापमान वाढवले आणि त्यामुळे बिघाडाची तऱ्हाच बदलली, तर तापमान आणि बिघाडाचा वेग यांचा संबंध सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्रावरून काढलेले आयुष्य कितपत ग्राह्य धरावे, हा दुसरा. ‘यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने पंपाची विश्वासार्हता वाढवणे’ अशा रुंद शीर्षकाने मात्र काहीच कळत नाही. प्रश्न, आजवरच्या पद्धतींतील नेमकी उणीव, लागणारा डेटा आणि पहिल्या वर्षात करून पाहायचे काम, एवढे दोन-तीन पानांत आले पाहिजे.

मार्गदर्शकांना लिहिण्याचे पत्र यापेक्षाही लहान असावे. त्यांच्या एका लेखातील एखाद्या गृहीतकावर आपल्या अनुभवातून सुचलेला प्रश्न विचारा. नुसत्या स्तुतीला उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. शिफारसपत्रांपैकी निदान एक पदव्युत्तर प्रबंधाच्या मार्गदर्शकांचे असावे.

कंपनीचा डेटा वापरायचा असल्यास लेखी परवानगी अर्जाआधीच मिळवा, आणि तीत निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत असू द्या. परवानगी न मिळाल्यास नासाने खुल्या केलेल्या टर्बोफॅन इंजिनांच्या डेटावर पद्धत तपासता येते. तो सिम्युलेशनमधून तयार केलेला आहे, ही मर्यादा आराखड्यात नोंदवावी.

प्रश्न : माझे संख्याशास्त्र पदवीच्या एका विषयापुरतेच आहे. अर्ज करावा की थांबावे?

उत्तर : अर्ज करावा, पण त्याआधी एक सत्र अभ्यासाला द्यावे. संभाव्यता, महत्तम शक्यता अनुमान (हाती आलेली निरीक्षणे ज्या किमतींमुळे सर्वांत संभवनीय ठरतात, त्या शोधण्याची पद्धत) आणि अपूर्ण निरीक्षणांचे विश्लेषण, या तीन गोष्टी पक्क्या असल्याशिवाय या विषयातील लेख वाचणे जड जाते. आर किंवा पायथॉन या संगणकीय भाषेत वायबुल वितरण बसवताना केवळ तयार आज्ञा वापरू नका. शक्यता फलन एकदा स्वतः मांडा आणि त्यात न बिघडलेल्या नमुन्यांचा वाटा कोठून येतो ते समजून घ्या. मुलाखतीत याच ठिकाणी प्रश्न विचारले जाण्याचा संभव मोठा असतो.