इंग्लंडमध्ये नोंदणी नसलेल्या मराठी गटाला वंशभेद आणि आरोग्यातल्या विषमतेवर काम करायला निधी मिळतो का?

मिळतो. चॅरिटीचा नोंदणी क्रमांक नाही एवढ्यावरून थांबू नका. पण तुमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि खजिनदार नवरा-बायको आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे.

लॉटरीच्या पैशातून सामाजिक कामांना निधी देणाऱ्या नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाची ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ ही योजना घ्या. इंग्लंडमध्ये ३०० ते २०,००० पौंड मिळतात आणि लेखी घटना, म्हणजे गटाची नियमावली, असलेला साधा गटही चालतो. मात्र कार्यकारिणीत किमान दोन माणसं अशी लागतात, ज्यांचं एकमेकांशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नाही आणि जी एका पत्त्यावर राहत नाहीत. बँक खातं गटाच्या नावावर हवं, पैसे काढायलाही अशाच दोघांची संमती हवी. होऊन गेलेल्या कार्यक्रमाचा खर्च मागता येत नाही, धार्मिक कार्याला पैसे नाहीत. त्यामुळे गणपतीचा हिशेब यात घुसवू नका.

आमचंही मंडळ होतं, लंडनच्या पश्चिमेला. माझी एक मैत्रीण बाळंत झाली आणि घरी आल्यावर टाके ठणकतात म्हणून रोज सांगत राहिली. इंग्रजी तिचं उत्तम, तरी दवाखान्यात सगळे तिच्या नवऱ्याशी बोलायचे. तुमच्याकडच्या बायका जरा जास्तच कण्हतात, असं एकीने तिच्या तोंडावर सांगितलं. ताप चढला तेव्हा कुठे कळलं की टाक्यांत पू झालाय. ती वाचली. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या ब्रिटनच्या मातामृत्यूंचा अहवाल बघा. आशियाई बायकांचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट, काळ्या बायकांचं जवळजवळ चौपट. ते वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना.

मी मंडळात मांडलं की नव्या आयांसाठी दर आठवड्याला बैठक घेऊ, एक सुईण बोलावू, तक्रार कशी आणि कुठे लिहायची ते शिकवू. निधीचा अर्जही मीच भरायला घेतला. सह्यांपाशी गाडी अडली. खात्यावर मंडळ चालवणारे काका आणि काकू, हे नवरा-बायको दोघंच. तिसरं नाव घाला म्हटलं तर काकूंनी डोळ्यांत पाणी आणलं, ‘इतकी वर्षं पदरमोड केली, आता आमच्यावर अविश्वास?’ काकांचं म्हणणं आणखी वेगळं. आपण इथे डॉक्टर-इंजिनिअर म्हणून आलो, वंशभेद हा काळ्यांचा प्रश्न, त्यात आपलं नाव कशाला.

हे मला आजही खपत नाही. कोविडमध्ये या देशात सुरुवातीला गेलेले पहिले दहाच्या दहा डॉक्टर गोरेतर होते. पदवी कुणाच्या कामी आली? आणि ‘काळ्यांचा प्रश्न’ म्हणून हात झटकणं हाही वंशभेदच, तो आपण घरून घेऊन आलोय. जात पाळणाऱ्या समाजाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

मी मंडळ सोडलं. एक गुजराती शेजारीण, दोन तमिळ नर्स आणि एक सोमाली आई, अशा आम्ही गट केला, दोन पानी घटना लिहिली, खातं उघडलं. पैसे मिळाले, बैठका सुरू झाल्या, आणि त्या मैत्रिणीने पहिल्याच बैठकीत आपली हकीगत सगळ्यांसमोर सांगितली.

तुमच्या अर्जात ‘आरोग्य जागृती’ असलं गुळमुळीत लिहू नका. कुणाला, कुठे, कशामुळे नीट उपचार मिळत नाहीत ते लिहा आणि त्या माणसांना विचारूनच योजना आखा. मधुमेहावर काम करणार असाल तर दक्षिण आशियाई माणसांना धोका बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ पासूनच वाढतो हे मांडा. गोऱ्यांसाठी हा आकडा २५ आहे, तोच सगळ्यांना लावला तर आपली माणसं तपासणीतून निसटतात. फक्त मराठी माणसंच का, हा प्रश्न येणार. त्याचं कारण देता येत नसेल तर दार सगळ्यांना उघडं ठेवा.

हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या योजना वेगळ्या आहेत. स्थानिक कौन्सिल आणि फाउंडेशनांच्या अटीही वेगळ्या, काही ठिकाणी नोंदणी लागतेच. रकमा आणि नियम बदलत असतात, भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

पण आधी खजिनदारबाईंना खात्यावरून नाव काढायला सांगा. त्यांनी कितीही कष्ट केले असोत, नवराबायकोच्या सह्यांवर सार्वजनिक पैसा कुणी देऊ नये आणि कुणी मागूही नये. त्या नाही म्हणाल्या तर मनधरणीत वर्ष घालवू नका, वेगळा गट काढा. छोट्या संस्थांसाठी घटनेचा नमुना चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट आहे.