कारल्याचा रस आणि मधुमेहाच्या गोळ्या

प्रश्न : माझ्या आईचे वय 64 आहे. मधुमेहासाठी ती मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या घेते. दीड महिन्यापासून ती रोज अनशापोटी कारल्याचा रस पिते आणि रात्री भिजवलेले मेथीदाणे खाते. उपाशीपोटीची साखर 160 वरून 118 वर आली. परंतु गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. एकदा ग्लुकोमीटरवर 58 आकडा दिसला. आता गोळ्या बंद कराव्यात, असे ती म्हणते. काय करावे?

उत्तर : आईंनी गोळ्या परस्पर बंद करू नयेत, मात्र रस आजपासूनच थांबवावा आणि त्यांच्या डॉक्टरांना 58 हा आकडा आजच कळवावा. साखर 70 च्या खाली जाणे हे धोक्याचे लक्षण असते, आणि या वयात अशा वेळी तोल जाऊन पडण्याची भीती मला अधिक वाटते.

कारल्याचा काहीच उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. त्यातील काही घटकांमुळे साखर उतरू शकते आणि काळजीचे कारण नेमके तेच आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यावर रसाची भर पडली आणि नाश्त्याला उशीर झाला, की साखर एकदम खाली जाते. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. त्यामुळे कोणती गोळी किती कमी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे. शिवाय घरी काढलेल्या रसाची मात्रा रोज सारखी राहत नाही, गोळीची राहते.

मेथीदाण्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांतील विरघळणाऱ्या तंतूंमुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते, म्हणून जेवणासोबत थोड्या प्रमाणात ते चालू शकतात. तरीही डॉक्टरांच्या कानावर ते घालावेच. तयार चूर्णांविषयी मात्र मी फार सावध आहे, कारण अशा काही चूर्णांत ग्लायबेनक्लामाइडसारखे साखर उतरवणारे औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे.

पुन्हा घाम किंवा थरथर जाणवली, तर आधी बोटातून रक्त तपासावे आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा 70 च्या खालीच असेल, तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे.

भेटीला जाताना गेल्या दोन आठवड्यांचे आकडे, जेवणाच्या आणि रसाच्या वेळा एका कागदावर लिहून न्याव्यात. एचबीएवनसी ही चाचणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. गोळ्यांत बदल झाल्यावर तीन महिन्यांनी ती करून घ्यावी.