आजोबांचं वेब्ली

प्रश्न : ट्रंकेत आजोबांचं .३२ वेब्ली रिव्हॉल्व्हर सापडलं. गंजलंय, चक्री (काडतुसं बसतात तो गोल भाग) फिरत नाही. आठवण म्हणून जपायचंय; घरीच साफ करू का? – वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नको. आत काडतूस असू शकतं. घोडा ओढून पाहू नका, पोलीस ठाण्याला कळवा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१ नुसार ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज.

दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. चक्री बहुधा वाळलेल्या तेलानं चिकटलीय. जोर लावला तर तिला फिरवणारा पंजा मोडतो. गंजावर कारागिरानं पातळ तेल मुरवून तांब्या-पितळेच्या ब्रशनं हलकं घासायचं. पॉलिश पेपर नको, बफिंग (यंत्रावर घासून चकाकी आणणं) तर मुळीच नको : निळी झिलई जाते, कोरलेला नंबरही पुसट होतो. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरते.